हद्दीबाहेरील अटक व अपराधाची कबुली

आपल्या नेमणुकीच्या ठाण्याच्या, जिल्ह्याच्या, राज्याच्या किंवा देशाच्या सीमेपलीकडे जाऊन पोलीस अधिकाऱ्याने एखाद्या व्यक्तीला ताब्यात घेणे, यास हद्दीबाहेरील अटक म्हणतात. अशा रीतीने आणलेल्या आरोपीने पुढे न्यायालयात अपराध कबूल केला आणि त्या कबुलीवरून त्यास शिक्षा झाली, तर मूळ अटक अवैध होती हा आक्षेप त्यास नंतर घेता येतो काय, हा फौजदारी विधीतील एक नाजूक प्रश्न आहे. भारतीय विधीने त्याचे दिलेले उत्तर थोडक्यात असे : अटकेतील दोषामुळे न्यायालयाची अधिकारिता नष्ट होत नाही; म्हणून केवळ त्या दोषावरून सिद्धदोष ठरविणारा निर्णय रद्द होत नाही. मात्र त्या दोषाचा परिणाम कबुलीवर झाला असेल, म्हणजे कबुली धाकाने, फसवणुकीने किंवा अज्ञानाने दिली गेली असेल, तर कबुलीच निष्फळ ठरू शकते. शिवाय अवैध अटकेबद्दलचे नुकसानभरपाईसारखे स्वतंत्र उपाय कबुलीनंतरही शिल्लक राहतात.

या विषयात तीन गोष्टींची नेहमी गल्लत होते. अटक करण्याचा पोलिसांचा अधिकार, खटला चालविण्याची न्यायालयाची अधिकारिता आणि दोषसिद्धीचा आधार या तीन भिन्न बाबी आहेत. खटला कोठे चालावा हे सामान्यतः अपराध कोठे घडला यावरून ठरते. आरोपी कोठे सापडला यावरून नव्हे. पोलिसांची हद्द ही प्रामुख्याने कामाच्या वाटणीसाठी आखलेली असते, तर न्यायालयाची अधिकारिता विधीने दिलेली असते. पहिलीचे उल्लंघन झाले म्हणून दुसरी आपोआप लोप पावत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : आरोपी न्यायालयासमोर कसा आणला गेला याची चौकशी न्यायालय करणार नाही, हे तत्त्व इंग्लंडमध्ये १८२९ साली स्कॉट प्रकरणात मांडले गेले. त्यात सुझाना स्कॉट या स्त्रीस इंग्रज पोलीस अधिकाऱ्याने ब्रसेल्समध्ये पकडून इंग्लंडला आणले होते. परदेशातील अटकेने तेथील विधीचा भंग झाला असल्यास त्याची दाद तेथे मागावी, खटल्यास त्यामुळे बाध येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

हिंदुस्थानात या प्रश्नाला संस्थानी सीमांमुळे विशेष महत्त्व आले. ब्रिटिश मुलूख आणि संस्थाने यांच्या सीमा एकमेकींत गुंतलेल्या होत्या. वऱ्हाडची स्थिती तर आणखी वेगळी होती. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून कंपनीकडे आला आणि १९०२ मध्ये तो प्रांत ब्रिटिशांना कायम भाडेपट्ट्याने मिळाला. परंतु नाममात्र सार्वभौमत्व निजामाकडेच राहिले. पैनगंगेच्या दक्षिणेचा आदिलाबादचा मुलूख निजामाच्या प्रत्यक्ष अंमलाखाली होता. त्यामुळे आजच्या यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवर नदी ओलांडणारा फरारी एका राज्यव्यवस्थेतून दुसरीत जात असे.

निजामाच्या राज्यातील अटकेचा प्रश्न १८९७ साली मुहंमद युसुफुद्दीन विरुद्ध सम्राज्ञी या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. शिमला येथील दंडाधिकाऱ्याच्या अधिपत्रावरून हैदराबाद संस्थानातील रेल्वेच्या जागेत निजामाच्या एका प्रजाजनास अटक करण्यात आली होती. रेल्वेच्या जागेवरील अधिकारिता निजामाने ब्रिटिश सरकारला रेल्वेच्या कारभारापुरतीच दिली होती. रेल्वेशी संबंध नसलेल्या, ब्रिटिश हद्दीतील अपराधाबद्दल तेथे अटक करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही, असा निर्णय देऊन प्रिव्ही कौन्सिलने ती अटक अवैध ठरविली. या खटल्यात वाद थेट अटकेचाच होता. कबुलीचा किंवा दोषसिद्धीचा प्रश्न उद्‌भवला नव्हता. आक्षेप वेळीच घेतला तर त्याचे फळ मिळू शकते, हे या निर्णयावरून दिसते.

सावरकर खटला : हद्दीबाहेरील अटकेचे महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे विनायक दामोदर सावरकर यांचा खटला. १३ मार्च १९१० रोजी लंडनमध्ये त्यांना अटक झाली आणि फरारी अपराध्यांविषयीच्या १८८१ च्या अधिनियमाखाली त्यांना ‘मोरिया’ या बोटीने हिंदुस्थानकडे पाठविण्यात आले. ८ जुलै १९१० रोजी मार्से बंदरात त्यांनी बोटीच्या गवाक्षातून उडी टाकून फ्रान्सचा किनारा गाठला. तेथे एका फ्रेंच पहारेकऱ्याने त्यांना पकडून बोटीवरील ब्रिटिश रक्षकांच्या स्वाधीन केले. मुंबईत सर बॅसिल स्कॉट, सर नारायण चंदावरकर व न्यायमूर्ती हीटन यांच्या विशेष न्यायाधिकरणापुढे खटला उभा राहिला, तेव्हा फ्रान्सच्या भूमीवरील बेकायदा अटकेमुळे न्यायाधिकरणास अधिकारिता नाही, असा आक्षेप घेण्यात आला. तो फेटाळला गेला. आरोपी न्यायालयासमोर हजर आहे आणि अपराध न्यायालयाच्या अधिकारितेत येतो, एवढे पुरेसे आहे. तो कोणत्या मार्गाने आणला गेला हे पाहण्याचे कारण नाही, असे न्यायाधिकरणाने स्कॉट प्रकरणाच्या आधारे ठरविले. २३ डिसेंबर १९१० रोजी सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ३० जानेवारी १९११ रोजी दुसऱ्या खटल्यात तशीच दुसरी शिक्षा झाली.

दरम्यान २५ ऑक्टोबर १९१० रोजी ब्रिटन व फ्रान्स यांनी हा वाद हेग येथील स्थायी लवाद न्यायालयाकडे सोपविला होता. २४ फेब्रुवारी १९११ च्या निवाड्यात लवादाने अटक व स्वाधीनता यांत अनियमितता घडल्याचे मान्य केले; पण त्यामुळे कैद्यास फ्रान्सला परत करण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही, असे ठरविले. म्हणजे दोष मान्य झाला, उपाय मात्र मिळाला नाही. सावरकरांनी अपराध कबूल केलेला नव्हता, तरीही आक्षेप टिकला नाही. यावरून कबुली दिलेल्या आरोपीची बाजू केवळ अटकेच्या मुद्द्यावर किती दुबळी असते, याची कल्पना येते.

नंतरचे निर्णय : प्रभू विरुद्ध सम्राट (१९४४) या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने अटकेतील अनियमिततेमुळे न्यायचौकशी व दोषसिद्धी अवैध होत नाही, असे सांगितले. स्वातंत्र्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व रिशबूद विरुद्ध दिल्ली राज्य (१९५४) या खटल्यात अधिक काटेकोर शब्दांत मांडले. अन्वेषणातील अवैधता वेळीच नजरेस आणून दिली, तर न्यायालयाने ती दुरुस्त करून घ्यावी; मात्र खटला पूर्ण झाल्यावर ती दाखविली गेली, तर तिच्यामुळे न्यायहानी झाल्याचे सिद्ध झाल्याशिवाय निकालास धक्का लागत नाही. मुबारक अली अहमद विरुद्ध मुंबई राज्य (१९५७) या खटल्यात कराचीत बसून गोव्याच्या एका व्यापाऱ्याची मुंबईत फसवणूक केल्याचा आरोप होता. आरोपीस इंग्लंडमधून वेगळ्या आरोपावरून आणण्यात आले होते. अपराध घडला त्या वेळी तो मुंबईत नव्हता, तसेच त्यास अन्य कारणासाठी आणले गेले, हे दोन्ही आक्षेप सर्वोच्च न्यायालयाने अमान्य केले.

अटकेचा अधिकार व हद्द : १ जुलै २०२४ पासून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ अंमलात आली. कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी प्रस्तुत विषयातील मूळ तत्त्वे बहुतांशी तीच आहेत. कलम ३५ अन्वये दखलपात्र अपराधाच्या बाबतीत विहित अटींवर अधिपत्राशिवाय अटक करता येते. ज्यास अशी अटक करण्याचा अधिकार आहे, तो पोलीस अधिकारी त्या व्यक्तीचा भारतातील कोणत्याही ठिकाणी पाठलाग करू शकतो, असे कलम ४५ सांगते (पूर्वीचे कलम ४८). त्यामुळे ठाण्याच्या, जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या हद्दीबाहेर अटक झाली, एवढ्यावरून ती अवैध होत नाही. अन्वेषणातील कोणतीही कार्यवाही, संबंधित अधिकाऱ्यास त्या प्रकरणी अन्वेषणाचा अधिकार नव्हता या कारणास्तव प्रश्नास्पद करता येणार नाही, अशीही तरतूद आहे (कलम १७५).

अधिपत्रावरून करावयाच्या अटकेचे नियम निराळे आहेत. अधिपत्र काढणाऱ्या न्यायालयाच्या स्थानिक अधिकारितेबाहेर ते बजावावयाचे असल्यास, पोलीस अधिकाऱ्याने सामान्यतः तेथील कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा किंवा ठाणेप्रमुखाच्या दर्जाहून कमी नसलेल्या पोलीस अधिकाऱ्याचा त्यावर शेरा घ्यावा लागतो. त्यासाठी लागणाऱ्या विलंबामुळे अटक निष्फळ होण्याचा संभव असेल, तर शेऱ्यावाचूनही ते बजावता येते (कलम ८१). जिल्ह्याबाहेर अटक झाल्यास अटक झालेल्या व्यक्तीस स्थानिक कार्यकारी दंडाधिकारी, जिल्हा पोलीस अधीक्षक किंवा पोलीस आयुक्त यांच्यासमोर नेले पाहिजे. मात्र अधिपत्र काढणारे न्यायालय अटकेच्या ठिकाणापासून ३० किमी. च्या आत असेल किंवा उपरोक्त अधिकाऱ्यांपेक्षा जवळ असेल, तर हे बंधन नाही (कलम ८२).

या सर्वांवर संविधानाचे नियंत्रण आहे. अनुच्छेद २२ नुसार अटकेची कारणे शक्य तितक्या लवकर कळविणे, पसंतीच्या विधिज्ञाचा सल्ला घेऊ देणे आणि प्रवासाचा आवश्यक काळ वगळून २४ तासांच्या आत सर्वांत जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर उभे करणे बंधनकारक आहे. २०२३ च्या संहितेच्या कलम ५८ ने या दंडाधिकाऱ्यास त्या प्रकरणाची अधिकारिता असो वा नसो, असे स्पष्ट केले आहे. दूरच्या ठिकाणी नेण्यासाठी स्थानिक दंडाधिकाऱ्याकडून घेतल्या जाणाऱ्या अशा आदेशास व्यवहारात ट्रान्झिट रिमांड किंवा प्रवास-कोठडी म्हणतात.

सीमेवरील ठाण्याचे उदाहरण : यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन हे पोलीस ठाण्याचे गाव या नियमांचे स्वरूप समजण्यास सोयीचे आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत पैनगंगेपलीकडचा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. नंतर तो आंध्र प्रदेशात व २ जून २०१४ पासून तेलंगणात आहे. मुकुटबन येथे घडलेल्या चोरीतील संशयितास तेथील अधिकाऱ्याने आदिलाबाद जिल्ह्यातील खेड्यात जाऊन अधिपत्राशिवाय पकडले, अशी कल्पना केल्यास पुढील निष्कर्ष निघतात : (१) अपराध दखलपात्र असून अटकेच्या अटी पूर्ण होत असतील, तर केवळ राज्याची सीमा ओलांडल्याने अटक अवैध नाही. (२) अपराध मुकुटबन हद्दीत घडला असल्याने खटल्याची अधिकारिता यवतमाळ जिल्ह्यातील सक्षम न्यायालयाची आहे. (३) अपराध अदखलपात्र असेल, अधिपत्रही नसेल, तर सीमेच्या दोन्ही बाजूंस अटक सारखीच अवैध आहे. दोष हद्दीचा नसून अधिकाराचा आहे. (४) २४ तासांची मुदत नदीच्या अलीकडे येईपर्यंत थांबत नाही. फक्त प्रवासाला खरोखर लागलेला वेळ वगळला जातो. (५) कारणे त्या व्यक्तीस समजणाऱ्या भाषेत सांगितली पाहिजेत. या पट्ट्यात मराठीबरोबर तेलुगू, गोंडी व कोलामी बोलल्या जातात. त्यामुळे शेवटचा मुद्दा येथे केवळ तांत्रिक राहत नाही.

भाषेचा हाच मुद्दा २०१८ मध्ये उलट दिशेने पुढे आला. पुणे पोलिसांनी २८ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्लीत गौतम नवलखा यांना अटक करून तेथील दंडाधिकाऱ्याकडून प्रवास-कोठडीचा आदेश मिळविला. प्रकरणाची कागदपत्रे मुख्यतः मराठीत होती. दंडाधिकाऱ्यास ती समजून घेऊन अटकेच्या समर्थनीयतेबद्दल स्वतःचे समाधान करून घेता आले नाही आणि अटकेची कारणेही नीट कळविली गेली नाहीत, अशा कारणांवरून दिल्ली उच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१८ रोजी तो आदेश रद्द केला. त्यामुळे त्या वेळची स्थानबद्धता संपली. परंतु मूळ प्रकरण संपले नाही. एप्रिल २०२० मध्ये त्यांना त्याच प्रकरणात राष्ट्रीय अन्वेषण यंत्रणेपुढे शरण जावे लागले. आंतरराज्य अटकेच्या वेळी वरिष्ठांची पूर्वपरवानगी घेणे, स्थानिक ठाण्यास कळवून तेथे नोंद करणे आणि प्रवास-कोठडी मिळविणे यांविषयीच्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये संदीप कुमार प्रकरणात दिल्या. अटकेची भीती असलेल्या व्यक्तीस आपण राहतो त्या राज्यातील न्यायालयाकडून मर्यादित मुदतीचा अटकपूर्व जामीन मिळू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रिया इंदोरिया प्रकरणात ठरविले.

अपराधाची कबुली : पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आणि न्यायालयात दोषारोपास दिलेली कबुली या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पुराव्याची बाब असून पोलीस अधिकाऱ्यासमोरील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. दुसरी हे दोषारोपास दिलेले उत्तर असते आणि तिच्यावरून पुरावा न घेताही आरोपीस दोषी ठरविता येते. म्हणूनच तिच्या स्वीकाराबाबत सावधगिरी आवश्यक मानली आहे. दोषारोप वाचून व समजावून सांगितला पाहिजे. कबुली शक्यतो आरोपीच्या स्वतःच्या शब्दांत नोंदविली पाहिजे. आणि ती स्वीकारावयाची की नाही हे न्यायालयाने विवेकाने ठरविले पाहिजे. महंत कौशल्या दास विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात कबुली आरोपीच्या शब्दांत न नोंदविल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धी रद्द केली. मृत्युदंडाची शक्यता असलेल्या खटल्यात केवळ कबुलीवर न विसंबण्याची प्रथा आहे. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्याच्या खटल्यात अजमल कसाब याने २० जुलै २००९ रोजी भर न्यायालयात अपराध कबूल केला. तरी विशेष न्यायाधीशांनी ते निवेदन नोंदवून घेऊन खटला पुढे चालू ठेवला आणि संपूर्ण पुरावा तपासून मे २०१० मध्ये निकाल दिला.

सौम्य शिक्षेच्या आश्वासनावर मिळविलेल्या कबुलीकडे न्यायालयांनी दीर्घकाळ संशयाने पाहिले. मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७६) या अन्नभेसळीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा सौद्यांवर कडक टीका केली, तर कासमभाई शेख विरुद्ध गुजरात राज्य (१९८०) यात अशा कबुलीवर आधारलेली दोषसिद्धीच रद्द केली. २००५ च्या दुरुस्तीने, ५ जुलै २००६ पासून, मर्यादित अपराधांसाठी कबुली-तडजोडीची पद्धत विधिवत सुरू झाली. सात वर्षांपर्यंतच्या कारावासाच्या अपराधांना ती लागू असून स्त्रिया व बालके यांच्याविरुद्धचे आणि देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे अपराध तीतून वगळले आहेत. आरोपीने स्वेच्छेने अर्ज केला आहे, याची न्यायालयाने त्याच्याशी एकांतात बोलून खात्री करावयाची असते.

कबुलीनंतरचे आव्हान : आरोपीने अपराध कबूल केला व त्यावरून तो दोषी ठरला, तर उच्च न्यायालयाने दिलेल्या दोषसिद्धीविरुद्ध अपील नाही, सत्र न्यायालय किंवा दंडाधिकारी यांच्या निर्णयाविरुद्ध केवळ शिक्षेचे प्रमाण किंवा तिची वैधता एवढ्यापुरतेच अपील आहे (कलम ४१६, पूर्वीचे कलम ३७५, १८९८ च्या संहितेतील कलम ४१२). अटक हद्दीबाहेर झाली हा मुद्दा या दोन्हींत बसत नाही. कबुली-तडजोडीच्या निर्णयास तर अंतिमता दिलेली असून त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती अर्ज किंवा उच्च न्यायालयात प्राधिलेख अर्ज एवढेच मार्ग मोकळे आहेत (कलम २९५).

तथापि ही बंदी खऱ्या कबुलीस लागू आहे. जी कबुली विधीच्या दृष्टीने कबुलीच नाही, तिच्याआड ही बंदी उभी राहू शकत नाही. पुढील कारणांवर आव्हान टिकू शकते : (१) दोषारोप समजावून सांगितला नाही किंवा आरोपीस कळणाऱ्या भाषेत सांगितला नाही, (२) कबुली धमकी, मारहाण किंवा आश्वासन यांमुळे दिली, (३) कबूल केलेली तथ्ये खरी धरली, तरी त्यांतून तो अपराध होत नाही, (४) आरोपीस विधिसाहाय्य दिले नाही, (५) दंडाधिकाऱ्यास त्या अपराधाचा खटला चालविण्याचा अधिकारच नव्हता. विधिसाहाय्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या खटल्यात मान्य केला आणि सुक दास प्रकरणात (१९८६) तो न दिल्यामुळे दोषसिद्धी रद्द केली. अवैध अटकेचे महत्त्व येथे अप्रत्यक्षपणे पुन्हा प्रवेश करते. दूरच्या गावातून उचलून आणलेला, नातेवाइकांना पत्ता नसलेला, दंडाधिकाऱ्यासमोर मुदतीत उभा न केलेला आणि परक्या भाषेच्या न्यायालयात विधिज्ञाविना उभा असलेला मनुष्य ‘कबूल’ म्हणतो, तेव्हा तो शब्द स्वेच्छेचा होता काय, हे तपासण्यासाठी अटकेची सर्व हकीकत प्रस्तुत ठरते.

अशा वेळी सत्र न्यायालयाकडे किंवा उच्च न्यायालयाकडे पुनरीक्षणाचा अर्ज करता येतो (कलमे ४३८ व ४४२). त्याची मुदत सामान्यतः ९० दिवसांची आहे. शिक्षेपुरते अपील उच्च न्यायालयात ६० दिवसांत व अन्य न्यायालयात ३० दिवसांत करावे लागते. सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. उच्च न्यायालयाचे अंगभूत अधिकार (कलम ५२८) व संविधानाच्या अनुच्छेद २२६ खालील अधिकार यांचाही आधार घेता येतो. यवतमाळ जिल्ह्यातील प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे जातात. निकालापूर्वीच कबुली मागे घ्यावयाची असल्यास तसा अर्ज ताबडतोब खटला चालविणाऱ्या न्यायालयाकडे करणे हा सर्वांत सरळ मार्ग होय.

या सर्व उपायांसमोर कलम ५११ चा (पूर्वीचे कलम ४६५) अडसर उभा असतो. कार्यवाहीतील चूक किंवा अनियमितता यांमुळे न्यायहानी झाली नसेल, तर निर्णय फिरविता येत नाही. आणि न्यायहानी झाली काय हे ठरविताना तो आक्षेप आधीच्या टप्प्यावर घेता आला असता व घ्यावयास हवा होता काय, हेही न्यायालयाने पाहावयाचे असते. चुकीच्या जिल्ह्यात खटला चालला, एवढ्यावरूनही निकाल रद्द होत नाही (कलम ५०८). देहोपस्थितीचा प्राधिलेखही या टप्प्यावर सहसा उपयोगी पडत नाही. कनू सन्याल प्रकरणात (१९७३) सर्वोच्च न्यायालयाने सुरुवातीच्या अटकेतील दोषापेक्षा सुनावणीच्या वेळची स्थानबद्धता वैध आहे काय, हे महत्त्वाचे मानले. आणि सक्षम न्यायालयाच्या शिक्षादेशाखाली कैदेत असलेल्याची स्थानबद्धता सकृतदर्शनी वैधच असते. अवैध रीतीने मिळविलेला पुरावाही केवळ त्या कारणाने अग्राह्य होत नाही, असे मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७२) व पूरनमल प्रकरण (१९७३) यांत ठरले आहे.

अलीकडच्या निर्णयांनी अटकेच्या वेळच्या हक्कांना अधिक धार आणली आहे. प्रबीर पुरकायस्थ प्रकरणात (मे २०२४) अटकेची कारणे लेखी न दिल्यामुळे अटक व कोठडीचा आदेश अवैध ठरविण्यात आला. विहान कुमार विरुद्ध हरयाणा राज्य (फेब्रुवारी २०२५) यात मात्र सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले, की कारणे न कळविल्याने अटक अवैध झाली, तरी अन्वेषण, आरोपपत्र व खटला त्यामुळे अवैध होत नाहीत. जुने व नवे निर्णय येथे एकत्र येतात : अवैध अटकेचे फळ म्हणजे मुक्तता, निर्दोषता नव्हे.

स्वतंत्र उपाय : मूलभूत हक्कांचा त्याग करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बशेशर नाथ प्रकरणात (१९५८) सांगितले आहे. त्यामुळे अपराध कबूल केला, म्हणून अनुच्छेद २२ च्या भंगाची तक्रार संपली असे होत नाही. रुदुल शाह (१९८३), भीम सिंग (१९८५) व नीलबती बेहेरा (१९९३) या प्रकरणांपासून अवैध स्थानबद्धता किंवा कोठडीतील अत्याचार यांबद्दल राज्याकडून नुकसानभरपाई देवविण्याची परंपरा निर्माण झाली. दिवाणी दावा, मानवी हक्क आयोगाकडे तक्रार, खातेनिहाय कारवाई आणि गंभीर प्रसंगी अधिकाऱ्याविरुद्ध फौजदारी कार्यवाही हेही मार्ग आहेत. बेकायदा स्थानबद्धतेबद्दलच्या नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत सामान्यतः स्थानबद्धता संपल्यापासून एक वर्ष आहे. दाद मात्र साधारणपणे अवैध काळापुरतीच मिळते; शिक्षेखाली भोगलेल्या कारावासाबद्दल मिळत नाही.

अन्य देशांतील विधी : अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कर विरुद्ध इलिनॉय (१८८६) या खटल्यात पेरू देशातून पळवून आणलेल्या आरोपीचा आक्षेप फेटाळला, १९५२ च्या फ्रिस्बी व १९९२ च्या अल्वारेझ-माशेन या निर्णयांतही तेच तत्त्व कायम राहिले. टॉलेट विरुद्ध हेंडरसन (१९७३) प्रमाणे स्वेच्छेने व योग्य सल्ल्याने दिलेली कबुली तिच्या पूर्वीचे संविधानिक आक्षेप बंद करते. पण हेरिंग विरुद्ध प्रोसाइज (१९८३) यात कबुली दिल्यानंतरही अवैध झडतीबद्दल नुकसानभरपाईचा दिवाणी दावा करता येतो, असे ठरले. इस्राएलने १९६० मध्ये अर्जेंटिनातून पळवून आणलेल्या आइखमन याचाही असाच आक्षेप अमान्य झाला. याउलट दक्षिण आफ्रिकेत इब्राहिम प्रकरणात (१९९१) आणि इंग्लंडमध्ये बेनेट प्रकरणात (१९९३) न्यायालयांनी वेगळी वाट धरली. शासनाच्याच यंत्रणेने विधी मोडून आरोपीस आणले असेल, तर असा खटला चालविणे हा न्यायप्रक्रियेचा दुरुपयोग होय, अशी ही भूमिका आहे. म्हणजे स्कॉट प्रकरणातील नियम त्याच्या जन्मभूमीतच बराच मर्यादित झाला. भारतात मात्र तो, देशांतर्गत अटकेपुरता तरी, मुख्यत्वे टिकून आहे. देशाबाहेरून आणलेल्या आरोपींच्या बाबतीत १९६२ च्या प्रत्यर्पण अधिनियमाचे बंधन आहे. ज्या अपराधासाठी प्रत्यर्पण झाले, त्याहून भिन्न अपराधासाठी सामान्यतः खटला चालविता येत नाही, हे दयासिंग लाहोरिया प्रकरणात (२००१) स्पष्ट झाले.

मूल्यमापन : प्रचलित नियमाच्या समर्थनार्थ असे म्हटले जाते, की पोलिसाच्या चुकीमुळे अपराधी सुटू नये आणि पीडित व्यक्तीच्या न्यायाच्या हक्काची हानी होऊ नये. त्याविरुद्ध आक्षेप असा, की नियम मोडूनही खटल्याच्या यशास बाध येत नसेल, तर तो पाळण्यास पोलिसांना कारण उरत नाही. आणि नुकसानभरपाईचा मार्ग गरीब आरोपीच्या आवाक्याबाहेर असतो. किरकोळ अपराधांत हा प्रश्न विशेष तीव्र होतो. कोठडीत राहण्यापेक्षा दंड भरून मोकळे व्हावे, या विचाराने कबुली दिली जाते. पुढे नोकरी, परवाना किंवा पारपत्र यांच्या वेळी त्या दोषसिद्धीचे परिणाम जाणवू लागतात, तोवर अटकेवरील आक्षेपाची वेळ निघून गेलेली असते. म्हणून अटकेच्या वैधतेचे खरे रक्षण अपिलाच्या न्यायालयात होत नाही. आरोपीस प्रथम ज्याच्यासमोर उभे केले जाते, त्या दंडाधिकाऱ्याने अटक कोठे, केव्हा व कोणत्या कारणाने झाली हे विचारण्यावर आणि कबुलीपूर्वी आरोपीस विधिज्ञ उपलब्ध करून देण्यावर ते अवलंबून असते.